आपल्याकडे स्पर्शाला निमित्त लागतं
मराठी घरांत मिठी मारत नाहीत, म्हणजे आपण स्पर्शाला पारखे, असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. आपल्याकडे फक्त निमित्त लागतं. बाळाची मालिश, आजीने गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडणं, वारकऱ्यांनी एकमेकांच्या पाया पडून उराउरी भेटणं. त्वचेत हलक्या, सावकाश स्पर्शाला प्रतिसाद देणारे वेगळे मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणारा हात त्यांना सर्वाधिक जाणवतो. पाठीवरून फिरणारा आईचा हात त्याच चालीचा!

लोकलमधली चेंगराचेंगरी यात धरू नका. पण त्याच गर्दीत दादरला चढताना आतली अनोळखी बाई मनगट धरून आत ओढून घेते, ते मात्र जरूर धरा.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की बापाचा हात त्याच्या खांद्यावरून उतरतो. आणि टॉवरमध्ये एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना तर रक्तदाब तपासायला येणाऱ्याखेरीज दिवसेंदिवस कुणाचा हात लागत नाही. त्यांच्याकडे गेलात तर दारातूनच नमस्कार करून निघू नका. हात हातात घेऊन दहा मिनिटं बसा.