मदत हवी आहे: 'लोकल्स' चालतं, मग 'पुअर्स' का नाही?

रात्रशाळा

नमस्कार मंडळी. मी मुंबईतल्या एका मराठी माध्यमाच्या रात्रशाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. वर्गातली बहुतेक मंडळी दिवसभर राबून येतात. कुणी कॅन्टीनमध्ये, कुणी कुरियरवर, एक जण मालधक्क्यावर. साडेसहाला वर्ग सुरू होतो तेव्हा अर्ध्यांचे डोळे जड झालेले असतात. म्हणून कुणी आपणहून प्रश्न विचारला की मला फार बरं वाटतं, आणि त्याचं धड उत्तर देता आलं नाही की झोप लागत नाही.

गेल्या आठवड्यात एकाने निबंधात लिहिलं, 'द पुअर्स आर सफरिंग'. मी एस खोडला आणि सांगितलं, पुअर हे विशेषण आहे, इंग्रजीत विशेषणाला अनेकवचन नसतं. तो शांतपणे म्हणाला, "बाई, परवा धड्यात 'द लोकल्स' होतं. लोकल पण विशेषणच ना? लोकल ट्रेन, लोकल मार्केट." मागच्या बाकावरून आवाज आला, "आणि फायनल्स? प्रॅक्टिकल्स?" मी म्हणाले, उद्या सांगते. आठवडा झाला.

घरातली व्याकरणाची पुस्तकं चाळली. 'काही विशेषणे नामासारखी वापरली जातात' एवढं वाक्य आणि खाली द रिच, द पुअर, द ब्लाइंड. लोकलचा पत्ताच नाही. नियम आहे की नुसतं पाठ करायचं? नियम असेल तर थकलेल्या माणसाला फळ्यावर पाच मिनिटांत कसा सांगू?

शाईची दौत

बाई, तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न अगदी बरोबर आहे. पुस्तकं दोन वेगळ्या गोष्टी एकाच दावणीला बांधतात किंवा त्यातली एक गाळूनच टाकतात.

लोकल, फायनल, डेली हे शब्द आता खरोखर नाम झालेत. आधी दोन शब्द जोडीने चालायचे. दुसरा इतका उघड होता की तो म्हणायची गरज उरली नाही, आणि त्याच्या रिकाम्या जागेवर विशेषण बसलं. डेली न्यूजपेपरचं डेली झालं, एडिटोरियल आर्टिकलचं एडिटोरियल, म्युझिकल कॉमेडीचं म्युझिकल. लष्करातला जनरलही असाच, मूळचा कॅप्टन जनरल. लंडनच्या पोलिसांत १८४२ मध्ये डिटेक्टिव्ह शाखा निघाली. पुढे डिटेक्टिव्ह पोलीस, डिटेक्टिव्ह ऑफिसर म्हणता म्हणता नुसता डिटेक्टिव्ह उरला. एकदा जागेवर बसलं की नामाचे सगळे हक्क मिळतात. आधी 'अ' लागतो, शेवटी एस लागतो, मोजता येतं.

मराठीत दैनिक, साप्ताहिक, मासिक हे शब्द असेच बनले. 'दोन मासिकं आली' म्हणताना मासिक हे मूळचं विशेषण आहे हे कुणाच्या मनातही येत नाही.

गळलेलं नाम कोणतं, हे त्या त्या ठिकाणच्या जगण्यावर ठरतं. आपण लोकल म्हटलं की गाडी. ब्रिटनमधला माणूस 'माय लोकल' म्हणतो तेव्हा घराजवळचा पब. अमेरिकेत कामगार संघटनेच्या शाखेला लोकल म्हणतात.

'द पुअर'चं तसं नाही. तिथे विशेषण नाम झालेलंच नाही, 'द'च्या आधाराने सगळ्या वर्गाच्या वतीने उभं आहे. म्हणून क्रियापद अनेकवचनी, 'द पुअर आर', पण एस नाही, आणि एकट्या माणसाला 'अ पुअर' म्हणता येत नाही. ते अजून विशेषणच आहे याचा पुरावा म्हणजे त्याला 'व्हेरी' लागतं. 'द व्हेरी पुअर' चालतं, 'द व्हेरी लोकल्स' नाही.

तेव्हा वन, टू लावून बघायला सांगा. वन लोकल, टू लोकल्स. वन पुअर, टू पुअर्स जमत नाही. झालं.

रात्रशाळा

खूप आभार. नाम गळण्याची गोष्ट वर्गाला नक्की आवडेल. पण शेवटच्या कसोटीवर अडले. 'टू पुअर्स' चुकीचं आहे हे तुमच्या कानाला कळतं, कारण तुम्ही इंग्रजी भरपूर वाचलंय. माझ्या मुलांचा तो कान अजून तयार झालेला नाही. त्यांना ते बरोबरच वाटतं, म्हणून तर त्यांनी ते लिहिलं. ज्याला उत्तर आधीच येतं त्यालाच लागू पडणारी कसोटी मी त्यांच्या हातात कशी देऊ?

काळी आई

इंग्रजीतलं मला फारसं कळत नाही, पण गळलेल्या नामावरून एक सांगावंसं वाटलं. आमच्या गावात विहिरीत 'सबमर्सिबल टाकली' म्हणतात, कारण मनात मोटर असते. तालुक्याचा दुकानदार 'सबमर्सिबल बसवला' म्हणतो, कारण त्याच्या बिलावर पंप असतो. शब्द तोच, पण आत लपलेल्या नामाचं लिंग बाहेर दिसतं. मुंबईची मंडळी 'फास्ट चुकली, स्लो मिळाली' म्हणतात तेही गाडीमुळेच ना? आणि मोबाईल हरवला, कारण फोन. तुमच्या मुलांना असे शब्द गोळा करायला सांगा. रोजच्या कामात ढिगाने सापडतील.

वळणदार

बाईंचा आक्षेप रास्त आहे. कान नसलेल्याला कसोटी द्यायची तर आधी ही चूक कुठून येते ते बघायला हवं. ती मराठीतून येते, आणि त्यात आळस किंवा निष्काळजीपणा अजिबात नाही.

फळ्यावर लिहा: गरीब मुलांना, गरिबांना. जखमी प्रवाशांना, जखमींना. मोठ्या माणसांनी, मोठ्यांनी. पहिल्या रूपात विशेषण नामापुढे गप्प उभं आहे, अनेकवचनाचा अनुस्वार नामावर आहे. नाम काढलं की तो अनुस्वार विशेषणावर येतो. गरीबमधला दीर्घ री ऱ्हस्व होतो, तोही कुठल्याही नामासारखाच. आपल्या भाषेत विशेषणाने नामाची जागा घेतली की नामाचे प्रत्यय घ्यावेच लागतात. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं', 'शहाण्याला शब्दाचा मार' या म्हणींत विशेषणंच नामं होऊन बसलीत. तुमच्या विद्यार्थ्याने 'गरिबांना'मधला अनुस्वार इंग्रजीत एस म्हणून नेला. मराठीच्या हिशेबाने त्याचं चोख आहे. आधी त्याला हे सांगा, मग खोडा.

इंग्रजीतही एके काळी असंच होतं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणांना लिंग, वचन, विभक्ती यांचे प्रत्यय लागत. ते झिजून गेले. आपण दुकानात 'लाल नको, निळा दे' म्हणतो आणि 'निळा'तल्या आकारावरून शर्ट की टोपी ते कळतं. इंग्रजी 'ब्लू'ला तसं काही चिकटलेलंच नाही. म्हणून त्यांना 'द ब्लू वन' म्हणावं लागतं, एकापेक्षा जास्त असतील तर 'द ब्लू वन्स'. गरीब माणूस एकटा असेल तर 'अ पुअर मॅन', अनेक असतील तर 'पुअर पीपल'. मुलांना हे 'वन' आणि 'पीपल' वापरायची सवय लावा. नव्वद टक्के वेळा 'द पुअर'च्या वाट्याला जायची गरजच पडत नाही.

आता कान नसला तरी डोळ्याने दिसेल अशी खूण. शब्दाचं शेपूट बघा. अल, अन, इव्ह अशी लॅटिन वळणाची शेपटं असलेली विशेषणं सहज नाम होतात: लोकल्स, क्रिमिनल्स, प्रोफेशनल्स, इंडियन्स, नेटिव्ह्ज, रिलेटिव्ह्ज. छोटे, रोजच्या वापरातले शब्द बहुधा होत नाहीत: रिच, पुअर, ओल्ड, यंग, सिक, डेड, डेफ. आणि एड किंवा लेस शेपूट असेल तर एस लावायचा नाही: द अनएम्प्लॉइड, द इंजर्ड, द होमलेस. देशोदेशीच्या लोकांच्या नावांतही शेवटचा आवाज ऐका. श, च, झ आला की एस नाही: द इंग्लिश, द फ्रेंच, द जपानीज.

नियम शंभर टक्के पाळला जात नाही हेही सांगून टाका. स्वीट छोटा शब्द आहे, तरी स्वीट्स होतात. कोर्टातला 'अक्यूज्ड' एकटा असला तरी 'द अक्यूज्ड वॉज' चालतं.

जाता जाता एक गोष्ट, मला स्वतःला फार आवडते म्हणून. 'ॲडजेक्टिव्ह' हा शब्दच मुळात विशेषण होता. जुने इंग्रजी व्याकरणकार 'नाउन ॲडजेक्टिव्ह' आणि 'नाउन सब्स्टॅन्टिव्ह' असं लिहीत, कारण लॅटिन परंपरेत विशेषण ही नामाचीच एक जात मानली जाई. पुढे त्यातलं नाउन गळलं.

सहा ठिपके

मी दृष्टिहीन मुलांना ब्रेल शिकवते. 'द ब्लाइंड' व्याकरणात बरोबर आहे, मुंबईत १९५२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडच्या नावातही आहे. पण वर्ग दाखवायला वापरलेलं विशेषण माणसाला त्या एका गुणात कोंडतं. माझा एक विद्यार्थी तबला वाजवतो, बुद्धिबळ खेळतो, मोठ्याने हसतो. लोक त्याच्याबद्दल 'तो आंधळा' म्हणतात तेव्हा बाकीचं सगळं पुसलं जातं.

जानेवारी २०२३ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 'द पुअर', 'द डिसेबल्ड' अशी लेबलं टाळा असा सल्ला दिला होता. त्या यादीत 'द फ्रेंच'ही घातल्यामुळे जगभर टिंगल झाली आणि ते ट्वीट काढावं लागलं. मूळ मुद्दा मात्र मला पटतो. वर 'पुअर पीपल' म्हणायची सवय लावा असं सुचवलंय, ते याही कारणाने चांगलं आहे.

रात्रशाळा

काल शिकवलं. सगळ्यांचे मनापासून आभार.

सुरुवात 'गरीब मुलांना, गरिबांना' या जोडीने केली. ज्याचा एस मी खोडला होता त्याला उभं करून सांगितलं की तुझी चूक मराठीच्या नियमाने बरोबर होती. तो काही बोलला नाही, पण वहीत ती जोडी लिहून घेताना मी पाहिलं. मग गळलेली नामं शोधायला सांगितली आणि वर्ग जागा झाला. कॅन्टीनवाला म्हणाला, "दोन स्पेशल", चहा गळलाय. कुरियरवाल्याने प्रीपेड सांगितलं, सिमकार्ड गळलंय. एकीने 'लाल तिखट' सांगितलं आणि मीच चकित झाले. तिखट ही चव, आणि तिखट ही डब्यातली पूड. रोज स्वयंपाकात वापरते, कधी लक्षात आलं नव्हतं. शेपटांची यादी फळ्यावर ठेवली आहे.

एक प्रश्न मात्र परत घरी घेऊन आले. मालधक्क्यावर काम करणाऱ्याने विचारलं, "बाई, आमच्याकडे पाटीवर गुड्स शेड लिहिलंय. गुड छोटा शब्द, तरी एस लागला. मग मी एकच पोतं उचललं तर त्याला 'अ गुड' म्हणायचं का?"

शाईची दौत

त्याला सांगा, बोलताना नाही. माल या अर्थाने गुड्स नेहमी अनेकवचनीच असतं. एकच पोतं असेल तर 'वन सॅक' किंवा 'वन बॅग' म्हणायचं. 'अ गुड' हा प्रयोग अर्थशास्त्राच्या पुस्तकात भेटतो, तिथे विकत घेण्याजोग्या कुठल्याही एका वस्तूला तसं म्हणतात. तो अकरावीला कॉमर्स घेणार असेल तर पहिल्याच काही धड्यांत गाठ पडेल.

रात्रशाळा

कॉमर्सच घ्यायचं म्हणतोय. उद्या सांगते त्याला.