अनुभव धागा: अमेरिकन फुटबॉल फेकायला तुम्ही कसे शिकलात?

थँक्सगिव्हिंग आलं की अमेरिकेत घरोघरी जेवणाआधी अंगणात चेंडू फिरतो. शेजारी हाक मारतात, मुलं हात धरून ओढतात आणि तो दोन्ही टोकांना निमुळता चेंडू आपल्या हातात येतो. 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटसोबत फ्लॅग फुटबॉलही (अंगावर न आदळता, कमरेची पट्टी ओढून अडवायचा प्रकार) आहे, त्यामुळे आपल्या मुलांमध्येही त्याची हौस वाढतेय. तुम्हाला कोणी शिकवलं? नेमकं काय केल्यावर जमलं? सविस्तर लिहा.

न्यू जर्सी
मी मुंबईत क्लब क्रिकेट खेळलोय. सीमारेषेवरून थेट कीपरच्या हातात थ्रो करायची सवय, त्यामुळे खांद्यात ताकद होती. पण हा चेंडू हवेत डुगडुगत जायचा. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने पार्किंगमध्ये माझी बोटं एकेक करून बसवली. करंगळी आणि अनामिका चेंडूच्या लेसवर (वरच्या दोऱ्यांच्या विणीवर), तर्जनी मागच्या टोकाजवळ, आणि तळहात व चेंडू यांच्यात थोडी फट. मी तोवर चेंडू तळहातात गच्च धरत होतो. सोडताना तर्जनी सगळ्यात शेवटी सुटली पाहिजे आणि हात विरुद्ध बाजूच्या मांडीकडे, अंगठा जमिनीकडे करून उतरला पाहिजे. क्रिकेटच्या थ्रोमध्ये बोटं चेंडूच्या मागून येतात, इथे ती कडेवरून खाली ओढली जातात. चेंडूला फिरकी मिळते ती तिथेच. पहिला सरळ स्पायरल, म्हणजे स्वतःभोवती फिरत न डुगडुगता जाणारा चेंडू, गेला तेव्हा लेस बोटांना खरवडून गेल्याचं स्पष्ट जाणवलं. आजही डोळे मिटून सांगेन, चांगला गेला की नाही.

टेक्सास
पालकांनो, आधी चेंडूचा आकार बघा! एनएफएलचा (इथल्या व्यावसायिक लीगचा) चेंडू साधारण 11 इंच लांब आणि 400 ग्रॅमच्या आसपास असतो. सात-आठ वर्षांच्या मुलांच्या पंजात तो मावतच नाही, मग मुलं तो खालून ढकलतात आणि तीच सवय लागते. दुकानात पीवी, ज्युनियर, युथ असे लहान आकार मिळतात. लेकीला पीवी आणला आणि तिची बोटं आपोआप लेसवर बसली. तिच्या कोचने एक गुडघा टेकवून फेकायला लावलं. पायांचा वापर थांबला की कोपर खांद्याच्या खाली येतंय का, हे लगेच दिसतं. तिच्याबरोबर मीही गुडघा टेकवून शिकले. आता शनिवारी सकाळी पार्कात आम्ही दोघी असतो आणि मला त्याचा फार आनंद आहे.

ओहायो
डावखुऱ्यांसाठी एवढंच: आपला चेंडू उलट्या दिशेने फिरतो. झेलणाऱ्याला सुरुवातीला वेगळं वाटतं, त्याला सवय होऊ द्या. तुम्ही पकड बदलू नका.

मिनेसोटा
थंडीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. घरात उबेत हवा भरलेला चेंडू बाहेर नेला की दाब उतरतो. नियमाप्रमाणे तो 12.5 ते 13.5 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) असायला हवा. शिवाय गारठलेलं कातडं कडक आणि निसरडं होतं. चेंडू गॅरेजमध्ये ठेवू नका, घरात ठेवा. नोव्हेंबरमध्ये नवशिक्याला असा गार चेंडू धरायला लावून 'तुला जमत नाही' म्हणणं अन्यायाचं आहे.

सातारा, सध्या मुलाकडे कॅलिफोर्नियात
वरचं सगळं वाचलं. बोटांचं बरोबरच आहे, पण जोर येतो कंबरेतून. लहानपणी ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवायचो, तेव्हाही आधी पाय रोवायचा, कंबर वळायची आणि हात शेवटी यायचा. इथेही तसंच. उजव्या हाताने फेकणाऱ्याने डावा पाय नेमाच्या दिशेने टाकायचा, मग कंबर, मग खांदा. नातवाला हे सांगितल्यावर त्याचा चेंडू कुंपणापर्यंत जायला लागला, आणि खांदा दुखायचा थांबला. आता आम्ही पळत जाऊन झेलणाऱ्याकडे चेंडू फेकण्याचा सराव करतोय. तो जिथे आहे तिथे फेकला तर चेंडू पाठीमागे पडतो, म्हणून दोन पावलं पुढे फेकायचा. नातू वेग मध्येच बदलतो, तेव्हा अंदाज कसा धरायचा ते जाणकारांनी सांगावं.