रविवारच्या पंगतीत शेपू

सी-१०१ (सचिव): नमस्कार मंडळी. रविवारी दुपारी १२:३० ला खाली पार्किंगमध्ये अंगतपंगत आहे. पोळ्या, वरण-भात सोसायटीतर्फे सांगितलंय. भाज्या, कोशिंबिरी, चटण्या ज्याने त्याने घरून आणायच्या. ज्यांनी अजून कळवलं नाही त्यांनी आज रात्रीपर्यंत कळवा. आत्तापर्यंत ४६ पानं झाली आहेत.

बी-२०३ आजी: माझ्याकडून शेपूची भाजी. मुगाची डाळ घालून, वर लसणाची फोडणी. बाजरीच्या दहा-बारा भाकरी पण करते.

ए-२०१: आजी, राग मानू नका, पण शेपू नको ना. तो वास आला की मला जेवणच जात नाही. आणि नंतर दुपारभर त्याच ढेकरा.

डी-३०३ वहिनी: अहो असं कसं! थंडीच्या दिवसात शेपू आणि बाजरीची भाकरी, सोबत कच्चा कांदा. आजी, माझ्यासाठी दोन वाट्या बाजूला ठेवा. आमच्याकडे लातूरला शेंगदाण्याचा कूट घालतात, पण तुमची मुगाची डाळवाली मला जास्त आवडते.

सी-१०१ (सचिव): ए-२०१, तुम्ही काय आणताय ते कळवा.

ए-२०१: काकडीची कोशिंबीर. पण कोथिंबीर न घालता. मला कोथिंबीर साबणासारखी लागते. हे मी लहानपणापासून सांगतोय, घरी-बाहेर कोणालाच पटत नाही. सगळ्यांना वाटतं नखरे करतोय.

बी-१०१ काका: नखरे नसतील. आम्ही सुके बोंबील भाजतो तेव्हा दारं-खिडक्या लावून घेतो. मला तो वास आला की मालवणचं घर आठवतं, पावसाळ्यात आई चुलीवर भाजायची ते. आणि समोरच्या घरात त्याच वासाने मळमळतं. दोघंही खरंच सांगत असतात. रविवारी शाकाहारी आहे म्हणून मी सोलकढी आणतो.

सी-३०४ सर: काकांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. मी ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. शेवटच्या बाकावरची मुलंही या विषयाला मान वर करायची, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेपूच्या बिया म्हणजे आपल्या बाळंतशोपा. त्यांच्या वासाचा मुख्य घटक कार्व्होन. पुदिन्याच्या वासाचा मुख्य घटकही कार्व्होनच. अणू तेच, तितकेच, एकमेकांना जोडलेलेही त्याच क्रमाने. फरक एवढाच की एक रेणू दुसऱ्याची आरशातली प्रतिमा आहे, डावा आणि उजवा हात असतो तसा. उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात नीट बसत नाही, तसंच हे रेणू नाकातल्या ग्राहकांमध्ये, म्हणजे वास ओळखणाऱ्या खाचांमध्ये, वेगवेगळे बसतात. म्हणून एकाचा वास गार पुदिन्याचा आणि दुसऱ्याचा बाळंतशोपांचा. एवढ्याशा फरकाने वास बदलतो, मग ज्याचे ग्राहकच वेगळे घडलेत त्याला वेगळा वास येणारच. माणसाच्या नाकात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ मध्ये शोधली, त्याबद्दल दोघांना २००४ चं नोबेल मिळालं. ही जनुकं प्रत्येकाची थोडी थोडी वेगळी असतात.

ए-२०१, तुमच्या कोथिंबिरीबद्दल. कोथिंबिरीच्या पानात अल्डिहाइड नावाची संयुगं असतात, तशीच काही साबणातही सापडतात. २०१२ मध्ये २५ हजारांहून जास्त लोकांच्या जनुकांची पाहणी झाली. साबणासारखी चव लागते म्हणणाऱ्यांचा संबंध वासाच्या ग्राहकांच्या जनुकांच्या एका गटाशी दिसला. त्यातलं ओआर-सिक्स-ए-टू हे जनुक याच अल्डिहाइडना ओळखणारं आहे. जनुकाचा वाटा लहान आहे, सवयीचाही भाग असतो. पण तुम्ही खोटं बोलत नव्हतात हे नक्की.

ए-२०१: सर, हा मेसेज मी घरी सगळ्यांना पाठवतोय. खरंच बरं वाटलं.

सी-३०४ सर: एक करून बघा. कोथिंबीर चिरून वर भुरभुरण्याऐवजी वाटून चटणी करा. पानं ठेचली गेली की ती संयुगं मोडतात, वास बराच उतरतो.

ए-४०२: मला एक गोष्ट बरेच दिवस लिहायची होती, धीर होत नव्हता. कोणाचं नाव घेत नाही आणि कोणाला दुखवायचंही नाही.

गणपतीतल्या पंगतीत माझ्या मुलाने 'नको' म्हटल्यावर त्याच्या पानात शेपूची भाजी वाढली गेली. तो साडेसहा वर्षांचा आहे. मी पलीकडच्या रांगेत वरण वाढत होते. 'एवढं संपव आणि मगच ऊठ, अन्नाला नावं ठेवायची नाहीत,' असं त्याला सांगितलं गेलं. मी पोचले तेव्हा बाकीची मुलं उठून सायकली काढत होती आणि हा एकटा पानावर बसला होता. घास गालात धरून ठेवलेला. गिळत नव्हता, थुंकतही नव्हता, कारण पंगतीत थुंकायचं नाही हे मीच शिकवलंय. डोळ्यांतून नुसतं पाणी चाललेलं. मी हात पुढे केला, म्हटलं, काढ इथे. त्याने काढला आणि पाठोपाठ सगळं जेवण उलटून पडलं.

तेव्हापासून तो मोदक खात नाही. शेपू तर नाहीच, पण मोदकही नाही. आधी तीन-तीन खायचा. त्या पानात मोदक होता, एवढंच.

आपल्याकडे आग्रह करणं ही माया समजतात, मलाही आग्रहाने वाढलेलं आवडतं. पण ज्याला श्रीखंड आवडतं त्याला आणखी एक चमचा वाढणं वेगळं, आणि ज्याला एखाद्या वासानेच ढवळतं त्याच्या पानात तीच भाजी टाकून समोर उभं राहणं वेगळं. मला लहानपणी कारल्यापुढे असंच बसवून ठेवायचे, चार वाजेपर्यंत. कारलं मी तिशीनंतर खायला लागले, आता आठवड्याला करते. कोणी बसवलं नाही तेव्हा लागले.

सी-३०४ सर: ताई, मोदकाचं तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. जॉन गार्सिया नावाच्या शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये उंदरांवर प्रयोग केला होता. उंदरांना साखरेसारखं गोड लागणारं सॅकरिनचं पाणी प्यायला दिलं आणि त्याच वेळी किरणोत्साराने मळमळ होईल असं केलं. नंतर त्या उंदरांनी गोड पाण्याला तोंड लावायचं जवळजवळ सोडलंच. पाण्याचा दोष काही नव्हता. शरीर हा धडा एका फटक्यात शिकतं आणि सहज विसरत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत मोदकाचं तेच झालं असणार. घाई करू नका. घरात मोदक होऊ देत, सगळ्यांना खाताना तो बघू देत, त्याला विचारूसुद्धा नका. मुलांना नवीन भाजीचीही ओळख व्हायला आठ-दहा वेळा किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, आणि ती ओळख दडपणाशिवाय झाली तरच टिकते.

ए-४०२: सर, मला एक कोडं पडलंय. बाळंतपणात मी रोज बाळंतशोपा चावल्या, आईने शेपूची भाजीही घातली. हा बाळ असताना ग्राइप वॉटर चाटून-पुसून प्यायचा, त्यातही शेपूच्या बियांचं तेल असतं ना? मग आता एवढं का?

सी-३०४ सर: असतं. १८५१ मध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने ग्राइप वॉटर काढलं, त्यातही ते होतं. आणि आईने खाल्लेल्याची चव बाळापर्यंत पोचते हेही खरं. फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की ज्यांच्या आयांनी गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस घेतला होता, त्या बाळांनी गाजराची चव असलेल्या पेजेला कमी तोंडं वाकडी केली. पण बिया वेगळ्या आणि पाला वेगळा. बियांत कार्व्होनचा गोडसर वास पुढे असतो, पाल्यात फेलँड्रीन वगैरे दुसरी संयुगं असतात, ती जास्त उग्र. वर ग्राइप वॉटर गोड. त्याला बी आवडून पाला न आवडणं अगदी शक्य आहे.

डी-३०३ वहिनी: म्हणूनच माझी आई शेपू एकटा करायची नाही, निम्मा पालक घालायची. वास निम्म्यावर येतो. आजींची तशी करू नका हं, मला नुसत्या शेपूचीच हवी.

बी-२०३ आजी: नातीकडून लिहून घेते आहे. ए-४०२, अगं नाव घेतलं नाहीस ते तुझं मन मोठं. ती वाढणारी मीच.

मला त्याच्या गालात घास होता हे दिसलं नाही. मी सांगून पुढच्या पानाकडे गेले. नंतर ओकला असं कळलं, तेव्हा मला वाटलं उन्हाचं झालं असेल. आज वाचून हात थरथरायला लागला.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात. ७२ च्या दुष्काळात मी चौदा वर्षांची होते. आई-वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे, मी पाट्या उचलायचे. तिथे सुकडी नावाचं कोरडं खाणं मिळायचं. रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापतानाच मोडायची. तोंडात फिरायची, घशाखाली उतरायची नाही. पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायची. धाकटा भाऊ ती खायचा नाही, मग मी त्याला चापट मारून चारायची, कारण नाही खाल्लं तर संध्याकाळपर्यंत काही नव्हतं. तेव्हापासून पानात टाकलेलं बघवत नाही. अजून माझ्या स्वयंपाकघरातलं कोथिंबिरीचं देठसुद्धा आमटीत जातं.

पण तुझ्या पोराला काही उपाशी राहायची वेळ नव्हती. मी त्याला त्या भावासारखं वागवलं. चुकलं माझं. त्याला काय आवडतं ते सांग.

ए-४०२: आजी, तुम्ही असं लिहू नका. मला हे ठाऊक नव्हतं. त्याला बटाट्याच्या काचऱ्या फार आवडतात, कडेने कुरकुरीत झालेल्या.

बी-२०३ आजी: मग काचऱ्या आणते. लोखंडी तव्यावर करते, म्हणजे कडा लाल होतात. शेपू पण आणते, ज्यांना हवा त्यांच्यासाठी.

सी-१०१ (सचिव): मंडळी, मग रविवारसाठी असं ठरवतो. वाढपी भाजीचं नाव घेऊन विचारतील, 'वाढू का?' नको म्हटलं की पुढे जायचं. लहान मुलांनाही हेच. शेपूचं पातेलं झाकून बी विंगच्या बाजूला, टेबलाच्या टोकाला. कोशिंबिरी दोन, एक कोथिंबिरीशिवाय. पानात आधीच सगळं वाढून ठेवायची पद्धत या वेळी बंद. मीठ, लिंबू, चटणी तेवढी डाव्या बाजूला वाढलेली असेल.

बी-१०१ काका: हे चांगलं आहे. सोलकढीसुद्धा विचारूनच द्या, कोकमाचा आंबटपणा सगळ्यांना चालत नाही.

सी-३०४ सर: काका, बोंबलाच्या दिवशीही तेच कोकम हाताशी ठेवा. माशाचा जो वास लोकांना टोचतो तो ट्रायमिथाइल अमाइनचा, आंबट लावलं की दबतो. आपल्या कोकणातल्या बायकांना हे कोणी शिकवायला लागलं नाही.

ए-२०१: आजी, मी शेपू खाणार नाही, पण वाढायला उभा राहतो. म्हणजे तुम्हाला बसून जेवता येईल. पातेलं उचलणं वगैरे मी बघतो.

बी-२०३ आजी: बरं बाळा. तुला भाकरीबरोबर लोणी आणते. उद्या सकाळी मंडईत जाऊन येते, पाच जुड्या लागतील. निवडायलाच तास जातो, जाड देठ काढून कोवळा शेंडा तेवढा घ्यायचा, नाहीतर दाताखाली दोऱ्यासारखं येतं.

डी-३०३ वहिनी: निवडायला मी येते.

ए-४०२: मंडईत मी येते तुमच्याबरोबर, पिशव्या धरायला. सातला खाली थांबते. याला पण आणू का? त्याला गाड्यांवरच्या भाज्यांचे ढीग बघायला आवडतात.

बी-२०३ आजी: आण की. पण सात नको, साडेसहाला निघू. सातनंतर कोवळ्या जुड्या राहत नाहीत. आणि बटाटे त्यालाच निवडू दे.