प्रतिसाद: जेडची पानं सुरकुतली आहेत
जेड या जाड, रसाळ पानांच्या झाडाची पानं सुरकुतली आहेत, काय करू, या प्रश्नावर ‘लगेच पाणी घाला’ असा सल्ला वर कुणीतरी दिलाय, तो मला अर्धाच पटला. मुळं कुजली तरी जेडची पानं अशीच सुरकुततात, कारण कुंडीत पाणी असूनही ते वर चढत नाही. आधी मातीत बोट खोल खुपसून बघा. कोरडी असेल तर तळाच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या. ओली असेल तर झाड सरळ उपटा, काळी लिबलिबीत मुळं कापा, चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या आणि मगच भरड, वाळूमिश्रित मातीत लावा. खोडच मऊ पडलं असेल तर वरची टणक फांदी तेवढी वाचवा. आणि पानांवर रोज पाणी फवारत असाल तर ती फवारणी कृपया थांबवा हो, त्याने बुरशीचंच फावतं!