'नाशक' आणि नाशिक
कुणीतरी विचारलंय, नौदलाच्या आयएनएस 'नाशक' या युद्धनौकेचं नाव आपल्या नाशिकवरून पडलंय का? नाही हो, नाशक म्हणजे नाश करणारी! गंमत अशी, की नाव असं असूनही ती विनाशिका (डिस्ट्रॉयर, म्हणजे मोठी युद्धनौका) नाही. वीर वर्गातली जेमतेम साडेचारशे टनांची कॉर्वेट, म्हणजे छोटी युद्धनौका, वेगाने जाऊन क्षेपणास्त्रं डागायची, एवढंच तिचं काम. विनाशिका म्हणजे आयएनएस विशाखापट्टणम: १६३ मीटर लांब, सुमारे ७,४०० टन, विमानं, जहाजं, पाणबुड्या सगळ्यांना पुरून उरणारी.

नाशिककरांचा खरा संबंध व्यापारी जहाजांशी. पिंपळगावकडची द्राक्षं न्हावाशेव्याहून रीफर, म्हणजे शीतकरणाची सोय असलेल्या कंटेनरमधून युरोपला जातात. त्यासाठी खास शीतजहाज लागतंच असं नाही. साध्या कंटेनर जहाजावरही विजेचे प्लग असतात, त्यावर शून्य अंशाच्या आसपासचा गारवा टिकतो.