समृद्धीलगत गोडाऊन टाकू का? वाढवण बंदराचा जालन्याला खरंच फायदा होईल का

रानमेवा_जालना: समृद्धीच्या इंटरचेंजजवळ आमचं चार एकर रान आहे. एजंट लई मागं लागलाय, म्हणायलाय वाढवण बंदर झालं की कंटेनरच कंटेनर येतील, आत्ताच कर्ज काढून गोडाऊन टाका. बंदरात मालाची मागणी वाढणार म्हणजे नेमकं काय वाढणार आणि त्यातलं इथवर किती येणार?

ट्रेलरवाला_वाळूज: भाऊ, वाढवणचं भूमिपूजन ऑगस्ट 2024 ला झालं, जहाज लागायला अजून काही वर्षं जाणार, तोवर हप्ते एजंट भरणारय का? जालन्याच्या ड्राय पोर्टचं (समुद्रापासून आत, जमिनीवर कंटेनर उतरवायची जागा) भूमिपूजन 2015 चं आहे, हिशोब तूच कर. खरी गोष्ट वेगळीय. जालन्यात स्टीलवाल्यांचं भंगार बाहेरदेशातून कंटेनरमधे येतं आन् सळई जाते ट्रेलरवर, देशातल्या देशात, म्हणजे डबा (कंटेनर) इथं रिकामा होऊन तसाच रिकामा परत मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला जातो. आन् वाळूजच्या एक्सपोर्टवाल्यांसाठी दुसरा रिकामा डबा तिकडून वर ओढायचा. दोन्ही डिझेल पार्टीच्या बिलात.

 

रानमेवा_जालना: ट्रेलरवाले दादा, मग तोच डबा वाळूजला का नाही देत?

सीएचए_मूळचा_परभणीकर: कारण एकतर लाइन तीच लागते, म्हणजे डबा ज्या जहाज कंपनीचा तिच्याच जहाजातून वाळूजचा माल जाणारा पाहिजे, आणि वरून भंगाराचा डबा आतून ठेचलेला, फरशीला तेल, पत्र्याला भोक पडलेलं, त्यात चांगला माल भरायला पार्टी तयार नसते. म्हणून मी म्हणेन की गोडाऊनपेक्षा रिकाम्या डब्यांचं यार्ड आणि दुरुस्ती याचा विचार करा, पण आधी लाइनवाल्यांशी बोला, त्यांनी डबा तिथं उतरवायला हो म्हटलं तरच. वाढवणला जवळपास 20 मीटर खोली आहे त्यामुळं जी सगळ्यात मोठी जहाजं न्हावा शेवाला येत नाहीत, कोलंबोला डबे दुसऱ्या जहाजात बदलतात, ती सरळ लागतील, पण मोठं जहाज म्हणजे एकदम डब्यांचा ढीग, रोज थोडंथोडं नाही. आणि 2023 च्या शेवटाला लाल समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली, तेव्हापासून बऱ्याच पार्ट्या माल आधीच मागवून साठवायलेत. गोडाऊनला मागणी आली तर ती यातून येईल, नुसत्या बंदराच्या नावामुळं नाही.

रानमेवा_जालना: यार्डाला मुरूम चालतो का काँक्रीटच लागतं?

ट्रेलरवाला_वाळूज: नुसता मुरूम पहिल्या पावसात बसतो, काळी जमीन आहे आपली. भरलेला डबा उचलणारं मशीन तर त्यावर उभंच राहत नाही. आधी माती तपासून घे.