अनुभव धागा: कुत्र्याचं खाणं, टॉनिक आणि कॅल्शियम. सोलापूरकरांनो, लिहा

होटगीरोडकर
परवा जुळे सोलापुरात मावसबहिणीकडे गेले होते. तिनं लॅबचं पिल्लू आणलंय, अजून दुधाचे दात पडायचेत. एका हातानं जबडा धरून दुसऱ्या हातानं ती त्याला कॅल्शियमचं गुलाबी सिरप पाजत होती. हनुवटीवरचे केस चिकटून त्यांच्या बारीक बारीक वाती झाल्या होत्या. सोबत पपी फूड चालू होतंच, वर मल्टीव्हिटॅमिनचे थेंबही. "सगळेच देतात गं, नाहीतर पाय वाकतात" म्हणाली.

मला एकदम सांगोल्याकडचं आजोळ आठवलं. आजोबांकडे कारवानी कुत्री असायची, सडपातळ शिकारी जात. आजी ज्वारीची भाकरी ताकात कुस्करायची, ताकाला मीठ लावायच्या आधी कुत्र्यांचं बाजूला काढून ठेवायची. बाजाराच्या दिवशी वजडी उकडून. टॉनिक वगैरे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तेव्हा सगळं छान होतं असं म्हणत नाही हं, वेतातली निम्मी पिल्लं जंतांनी आणि जुलाबांनी जायची, ते फार वाईट वाटायचं.

पण बहिणीला मी सांगितलं तेच इथेही सांगते. लॅब, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींच्या पिल्लांना चांगलं पपी फूड चालू असेल तर वरून कॅल्शियम नको. मोठं कुत्रं गरजेपुरतं शोषून बाकीचं सोडून देतं, लहान पिल्लाला ते जमत नाही, आलं तेवढं आत जातं. मग हाडांची वाढ बिघडते, सांधे दुखतात. म्हणजे ज्या भीतीनं पाजतो तेच पदरात पडतं. तुमचे अनुभव लिहा, काय देता, काय लागू पडलं.

भवानीपेठ_९
आमच्याकडे राणी आहे, गावठी. दूध-चपाती, दूध-चपाती आणि दूध-चपाती. केस गळायला लागले म्हणून शेजारच्यांनी माशाच्या तेलाच्या गोळ्या सुचवल्या. डॉक्टरांनी आधी जेवण विचारलं. म्हणाले आधी प्रोटीन पोटात जाऊ दे, मग तेलाचं बघू. रोज उकडलेलं अंडं आणि थोडं चिकन सुरू केलं. आता पाठीवर हात फिरवला की गुळगुळीत लागतं. गोळी एकही नाही.

नान्नजचा_बागायतदार
धाग्याशी संबंध थोडा कमी आहे पण लिहितोच. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला घालू नका. आमच्या पट्ट्यात सीझनला घराघरात पेट्या असतात, पोरं लाडानं चारतात. कुत्र्याची किडनी जाते. आधी उलट्या, मग गळून जातं, एक-दोन दिवसांत लघवी कमी होते. खाल्लेलं कळलं की तासाभरात दवाखाना गाठा, उलटीची वाट बघत बसू नका.

एमआयडीसी_नाईटशिफ्ट
↑ दादा, बागेतली कुत्री तर पडलेली द्राक्षं खातात की. काय होत नाही त्यांना.

उदगीर_व्हेट_स्टुडंट
मी मूळची अक्कलकोट रोडची, पशुवैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला आहे. बागायतदार काका बरोबर सांगतायत. एखाद्याला खरंच काही होत नाही आणि दुसऱ्याची किडनी मूठभर द्राक्षांत जाते, आधी ओळखता येत नाही. टार्टारिक ॲसिडमुळे होतं असं आता मानतात, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. तेव्हा चिंचेचं सारही नको.

कॅल्शियमबद्दल होटगीरोडकर ताईंचं बरोबर, पण दुसरी बाजूही लिहिते. नुसतं मांस-भात खाणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम खरंच कमी पडतं. मांसात फॉस्फरस खूप, कॅल्शियम जवळपास नाही. मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं, हाडं पातळ होतात, उडी मारली तरी मोडतात. लोक त्याला मुडदूस म्हणून ऊन दाखवतात. कुत्र्याच्या कातडीत उन्हानं व्हिटॅमिन डी जवळजवळ तयार होत नाही, ते खाण्यातूनच जावं लागतं. सोलापूरच्या उन्हात तर त्याला उभं करूच नका!

म्हणजे कॅल्शियम द्यायचं की नाही ते ताटात काय आहे त्यावर. एका अंड्याच्या टरफलात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. दहा किलोच्या मोठ्या कुत्र्याची दिवसाची गरज त्याच्या निम्म्याहूनही कमी. घरचं जेवण असेल तर टरफलाची अगदी बारीक पूड चालते, पण प्रमाण डॉक्टरांकडून घ्या.

भवानीपेठ_९
↑ बाळा शेवटचं वर्ष म्हणजे झालीसच की डॉक्टर. सोलापुरातच ये बरं का, पुण्याला जाऊ नको 😀

सातरस्ता_आजोबा
आमचा मोती तेरा वर्षांचा आहे. उठताना मागचे पाय थरथरतात. सांध्यांसाठी ग्लुकोसामाइन चालू आहे, फार फरक दिसत नाही. फिश ऑइलने थोडा आराम आहे असे वाटते. खरा फरक वजन कमी केल्यावर पडला. संध्याकाळचा ब्रेड-बटर बंद केला, सून चिडली, पण मोती आता जिना चढतो. फरशीवर जुनी चादर घातली आहे, पाय घसरत नाहीत. आपल्या सोलापुरी चादरीसारखी पकड दुसऱ्या कशाला नाही.

पूर्वभाग_चाटला
आजोबा 🙏 मोतीला माझ्याकडून एक पापी

कॉड लिव्हर ऑइल आणि फिश ऑइल वेगळं आहे ना? दुकानदार एकच म्हणाला

उदगीर_व्हेट_स्टुडंट
वेगळं. कॉड लिव्हरमध्ये व्हिटॅमिन ए आणि डी असतं, ते अंगात साठतं, जास्त झालं तर त्रास. सांध्यांसाठी साधं फिश ऑइल. आजोबा, मोतीची किडनी-लिव्हरची रक्ततपासणी वर्षातून एकदा तरी करा. या वयात किडनी कमजोर असेल तर कॅल्शियम आणि प्रोटीन पावडर मनानं अजिबात नको.

शेंगाचटणी_फॅन
जवस चालते का? आमच्याकडे डबाभर असते. ओमेगा म्हणतात ना त्यातही

उदगीर_व्हेट_स्टुडंट
भाजून कुटलेली, बिनमिठाची, चिमूटभर चालेल. पण जवसातला ओमेगा वेगळा, कुत्र्याच्या अंगात त्याचं माशातल्या ओमेगात रूपांतर फार थोडं होतं. सांध्यांसाठी माशाचंच तेल. आणि चटणी नको हं, जवसाची असो की शेंगांची. त्यात लसूण. लसूण-कांद्यानं कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात. भाजीचा रस्सा घालतात लोक भाकरीवर, त्यातही कांदाच.

शेंगाचटणी_फॅन
माझं नावच बदलावं लागतंय आता 😄 बाकी आमचा शेरू दारात येऊन चटणीच्या वासानं शिंकतो, खात नाही. शहाणा आहे.

विजापूररोड_फीडर
रस्त्यावरच्यांना जेवण देते, भावाबरोबर, रात्री. लोक ग्लुकोज बिस्किटं टाकतात. मन चांगलं आहे त्यांचं, पण मैदा आणि साखर आहे ती. त्याच पैशात तांदळाची कणी, कोंबडीचे पाय, थोडी हळद, भोपळा असं मोठ्या पातेल्यात शिजतं. पाय इतके शिजवते की हाडं बोटानं चुरडली जातात, जी चुरडत नाहीत ती काढून टाकते. शिजवलेलं कडक हाड कधीच घालत नाही, फुटून आतडं फाडतं.

आणि कृपा करून पाणी ठेवा. एप्रिल-मेला पारा ४२-४३ वर जातो, जनावर आधी तहानेनं मरतं, व्हिटॅमिन कमी पडून नाही.

होटगीरोडकर
↑ ताई, किती मोठं काम करताय. नळाला रोज पाणी येत नाही तरी आम्हीही गेटबाहेर मातीचं भांडं भरून ठेवतो. तुमच्या भागात तांदूळ पोचवायचा असेल तर मेसेज करा.

माळशिरस_पश्मी
माझ्याकडे पश्मी नर आहे. येणारा जाणारा म्हणतो बरगड्या दिसतात, टॉनिक द्या, खायला घालत नाही का. अहो, ही पळणारी जात आहे! शेवटच्या दोन-चार बरगड्या दिसणं हेच त्याचं निरोगीपण. त्याला लॅबसारखा गोल केला तर सांधे आणि हृदय दोन्ही जातील. मुधोळचंही तसंच. २००५ ला मुधोळवर पोस्टाचं तिकीट निघालं होतं, त्यावर बघा कसा सडपातळ आहे.

एमआयडीसी_नाईटशिफ्ट
तिकीट आहे का तुमच्याकडे? माझे वडील गोळा करतात

माळशिरस_पश्मी
आहे. दोन आहेत. एक देतो, सोलापूरला आलो की.

आसरा_चौक
गोचिडतापात प्लेटलेट कमी झाल्या तेव्हा सगळ्यांनी पपईच्या पानाचा रस सांगितला. विचारून दिला, पण डॉक्टर स्पष्ट म्हणाले की औषधाचा कोर्स हाच इलाज, रस सोबतीला. कोर्स पूर्ण केला, कुत्रं उभं राहिलं. अर्धवट सोडू नका कुणी.

पूर्वभाग_चाटला
जंताच्या औषधाचा डोस वजनावर देतात ना. कुत्र्याचं वजन घरी कसं करायचं? काट्यावर थांबतच नाही तो

भवानीपेठ_९
आधी एकटं काट्यावर उभं राहा, मग त्याला उचलून. वजा करा.

पूर्वभाग_चाटला
शेफर्ड आहे ओ काकू

सातरस्ता_आजोबा
मार्केट यार्डात या सकाळी. कांद्याच्या काट्यावर उभा करू. आमचे आडते ओळखीचे आहेत. दुपारी नको, गाड्यांची गर्दी असते. सोबत दोरी आणि उकडलेलं अंडं आणा.